आजोबांच्या पाठीवरची नागीण

आईचं दुखणं सुरू झालं ते नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्ट २०२३ मध्ये. उजव्या अंगाला, पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीच्या कडेकडेनं छातीखालपर्यंत. "तापलेलं उलथनं टेकवल्यासारखं होतंय," एवढंच ती म्हणाली. वय बहात्तर, रक्तदाबाची गोळी चालू. आम्ही तिला रिक्षात घातलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली. हृदय ठीक, पित्ताशयात खडा नाही. स्नायू आखडला असेल म्हणून मलम आणि दुखण्यावरच्या गोळ्या देऊन त्यांनी घरी पाठवलं. तिची पाठ उघडून कुणी बघितली नाही. बघितली असती तरी त्या दिवशी तिथं काही दिसलं नसतं, हेही खरं.

चौथ्या दिवशी न्हाणीघरातून तिनं मला हाक मारली. पाठीवर तांबूस पट्टा उमटला होता आणि त्यावर पाणी भरलेल्या बारीक फोडांचे घोस. कण्यापाशी सुरू होऊन, काखेखालून वळसा घेत तो पट्टा छातीच्या मध्यावर येऊन थांबला होता. डाव्या बाजूला एक पुळीसुद्धा नाही. शेतात बांध घालावा तशी मधोमध हद्द पडलेली.

शेजारच्या काकूंनी बघताक्षणी सांगितलं, "नागीण आहे ही. तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळू देऊ नका हो." मग आवाज खाली आणून विचारलं, "पंचमीला काही चिरलंत का?"

आईनं चिरलं होतं. मला डब्याला भाजी हवी म्हणून दुधी चिरला होता. पंचमीला चिरू नये, भाजू नये, जमीन खणू नये हे तिनं जन्मभर पाळलं आणि त्या एका सकाळी माझ्या गडबडीपायी मोडलं. काकूंच्या प्रश्नावर ती काही बोलली नाही. रात्री दिवा घालवल्यावर मात्र म्हणाली, "पुढून बघ गं, कुठवर आलीय?" बॅटरी लावून मी बघितलं. जिथं होती तिथंच होती. तासाभरानं तिनं पुन्हा बघायला लावलं. अशी चार वेळा बघितली. माझी आई घाबरते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

नागिणीचं तोंड शेपटीला का मिळत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. मला वाटतं हे प्रत्येक मराठी घरात सांगायला हवं, कारण या एका भीतीनं कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या रात्री नासल्या असतील. आपल्या मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या एकतीस जोड्या निघतात. प्रत्येक जोडीतला एक तंतू उजवीकडे जातो, एक डावीकडे, आणि कातडीचा आपापला पट्टा सांभाळतो. दोघांच्या वाटा शरीराच्या मध्यरेषेपाशी संपतात. नागीण होते ती बहुधा अशा एकाच तंतूच्या हद्दीत, म्हणून ती अर्धा वेढा घालून थांबते. पलीकडे जायला तिला रस्ताच नसतो. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, अशांच्या अंगभर फोड पसरू शकतात, आणि ते खरोखरच धोक्याचं असतं. 'दोन टोकं मिळाली की माणूस जातो' असं पहिल्यांदा म्हणणाऱ्यानं कदाचित असाच एखादा माणूस पाहिला असेल. मी त्या म्हणीला खोटी म्हणणार नाही. ती पाहणाऱ्यानं नीट पाहिलं होतं. आणि नाव तर किती नेमकं! ग्रीक भाषेतल्या ज्या शब्दावरून या रोगाला 'झोस्टर' म्हणतात त्याचा अर्थ कमरपट्टा. आपण त्या पट्ट्यात जीव पाहिला, दंश पाहिला. ज्याला झाली आहे त्याला विचारा, कुठलं नाव खरं.

या पट्ट्यांचा नकाशाच मुळात नागिणीनं काढून दिला आहे. लंडनच्या हेन्री हेड या डॉक्टरांनी शेकडो रुग्णांच्या अंगावरचे पट्टे टिपून घेतले. पुढे अल्फ्रेड कॅम्पबेल यांच्या साथीनं नागीण झालेल्या माणसांच्या मृतदेहांत कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठी तपासल्या आणि १९०० साली दाखवून दिलं की ज्या पट्ट्यात फोड, त्याच तंतूच्या गाठीत दाह आणि नासधूस. वेदना म्हणजे काय हे शब्दांत पकडता यावं म्हणून याच हेडनी १९०३ मध्ये स्वतःच्या हाताचा मज्जातंतू कापून घेतला आणि बधिर हातात जाणीव परत कशी येते याच्या पुढे काही वर्षं नोंदी ठेवल्या. आजही कंबर किंवा मान तपासताना डॉक्टर टाचणीनं 'इथं कळतंय का?' विचारतात, तेव्हा अशाच नकाशावरून त्यांचा हात फिरत असतो.

डॉक्टरांनी नागिणीच्या विषाणूवरच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पहिली तिथंच घ्यायला लावली. फोड उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत ही गोळी पोटात गेली तर तिचा खरा उपयोग. उशीर झाला की विषाणूचं काम उरकलेलं असतं. आम्ही वेळेत होतो. नाकाच्या शेंड्यावर किंवा कपाळावर फोड आले असते तर डोळ्याच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी पळावं लागलं असतं, कारण तो तंतू डोळ्यालाही जातो आणि दृष्टीवर बेतू शकतं.

या गोळ्यांचं मूळ असायक्लोव्हिर. तिची युक्ती वाचली तेव्हा मी तो उतारा आईला मोठ्यानं वाचून दाखवला होता. हे औषध गिळताना जवळजवळ निष्क्रिय असतं. विषाणू शिरलेल्या पेशीत पोचल्यावर विषाणूचंच एक एन्झाइम त्याला जागं करतं. मग विषाणू स्वतःची प्रत काढायला डीएनएची साखळी ओवू लागला की हे औषध खोट्या मण्यासारखं तीत शिरतं, आणि पुढचा मणी ओवलाच जात नाही. निरोगी पेशीत ते एन्झाइम नाही, म्हणून तिला फारसा धक्का नाही. ज्या चमूनं हे शोधलं त्याच्या प्रमुख होत्या गर्ट्रूड एलियन. त्यांचं लग्न ठरलेला तरुण हृदयाच्या झडपांना झालेल्या जिवाणूसंसर्गानं १९४१ साली गेला, पेनिसिलिन लोकांच्या हाती यायच्या थोडं आधी. त्यांनी पुढे लग्न केलं नाही, डॉक्टरेटही पुरी करता आली नाही. १९८८ चं नोबेल पारितोषिक मिळालेल्यांत त्या होत्या. आई ऐकत होती. म्हणाली, "बिचारीनं माझ्यासाठी केलं म्हणायचं."

गोळ्या देताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "आजी, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना?"

"आल्या होत्या तर! सात वर्षांची होते. पण त्याचं आता काय?"

त्याचंच होतं सगळं. कांजिण्यांचा आणि नागिणीचा विषाणू एकच. कांजिण्या येतात तेव्हा तो श्वासातून किंवा फोडांच्या पाण्यातून शिरतो, दहा ते एकवीस दिवस आत गुपचूप वाढतो, आणि मग ताप आणि अंगभर फोड. एकीकडे नवे ठिपके उठतायत, दुसरीकडे आधीचे खपलीवर आलेत, अशी सगळी वयं एका अंगावर. देवीत तसं नसे. तिचे फोड एका भागात सगळे एकाच वयाचे, चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट. कांजिण्यांच्या आठ-दहा दिवसांत खपल्या धरतात, मूल उठून खेळायला जातं, आणि घरचे म्हणतात, गेल्या कांजिण्या. त्या गेलेल्या नसतात. विषाणू कातडीतल्या तंतूंच्या टोकांतून किंवा रक्तावाटे कण्यालगतच्या त्या गाठींत पोचतो आणि तिथल्या पेशींत आपलं डीएनए वेटोळं करून ठेवतो. पुढे वर्षानुवर्षं काही करत नाही. प्रतिकारशक्ती पहाऱ्यावर असते. म्हातारपणी पहारा सैल पडला की कुठल्यातरी एका गाठीत तो जागा होतो आणि ज्या वाटेनं आत आला होता तीच वाट उलटी चालत कातडीकडे येतो. तंतू सुजतो म्हणून दुखणं आधी, फोड मागाहून. हॉस्पिटलात त्या दिवशी काही न सापडण्याचं कारण हेच होतं. अमेरिकेतली आकडेवारी सांगते की तिथं तिघांतल्या एकाला जन्मात कधीतरी नागीण होते.

म्हणजे आईच्या पाठीत १९५८ साल बसून होतं.

मी तिला त्या वर्षाबद्दल विचारत राहिले. दुखण्यापासून मन दुसरीकडे जावं हा हेतू होता, पण निघालं ते मी विसरू शकत नाही. राजापूर तालुक्यातली नऊ घरांची वाडी. पावसाळ्यात व्हाळाला पाणी चढलं की साकव वाहून जायचा आणि महिना-महिना पलीकडचं माणूस अलीकडे यायचं नाही. अशा एका श्रावणात तिच्या आजोबांना नागीण झाली होती. पडवीत घोंगडीवर ते पालथे पडून असायचे. दूर्वा आणि तांदूळ पाट्यावर वाटून त्याचा गार लेप पाठीला लावायचा, हा उपाय. मोठ्या माणसांचा हात लागला की आजोबा कळवळायचे. "माझा हात हलका म्हणून मीच लावायची," आई म्हणाली. "दूर्वा पण मीच खुडून आणायची खळ्याच्या कडेनं. आजोबा म्हणायचे, हिचा हात म्हणजे पीस आहे."

"आणि तुला कांजिण्या कधी आल्या?"

"त्याच श्रावणात. आजोबांच्या खपल्या पडल्या आणि मी पडले."

तिच्या आजीला वाटलं देवी आल्या. त्या काळी अंगावर फोड म्हटलं की तीच धडकी, आणि वाडीत एका घरानं देवीत दोन मुलं गमावलेली. आईला माजघराच्या कोपऱ्यात कांबळं टांगून वेगळी ठेवली, उशाला कडुलिंबाचा डहाळा. दंडावर देवी काढल्याचा वण होता, तरी आजीचा धीर होईना. वैद्यबुवा पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी आले, पाठपोट बघितलं, तळहात उलटून बघितले आणि म्हणाले, या कांजिण्या. आजीनं तिथंच बसकण मारली आणि रडली. आईला ते रडणं नीट आठवतंय, फोड फारसे आठवत नाहीत.

"वाडीत आणखी कुणाला होत्या का, तुझ्या आधी?"

ती बराच वेळ आठवत राहिली. "नाही. पहिली मीच. माझ्यानंतर मग सगळ्या पोरांना आल्या. पण माझ्या आधी कुणाला नव्हत्या. आणि व्हाळ भरलेला, बाहेरून येणार तरी कोण?"

इंग्लंडमध्ये सायरनसेस्टर नावाच्या लहान गावात एडगर होप-सिम्पसन म्हणून एक साधे फॅमिली डॉक्टर होते. ना मोठी प्रयोगशाळा, ना विद्यापीठ. आपल्या दवाखान्यातल्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद त्यांनी १९४७ पासून १९६२ पर्यंत ठेवली: सोळा वर्षांत १९२ रुग्ण. नागिणीच्या माणसाजवळ राहिलेल्या मुलांना कांजिण्या येतात हे बुडापेस्टच्या यानोश बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच लिहून ठेवलं होतं. १९५० च्या दशकात टॉमस वेलर यांनी दोन्हींतला विषाणू एकच असल्याचं प्रयोगशाळेत दाखवलं. होप-सिम्पसन शेटलँड बेटांतल्या येल या एकाकी बेटावरही गेले आणि तिथल्या माणसांच्या आठवणी धुंडाळल्या. १९६५ मध्ये त्यांनी जे मांडलं ते थोडक्यात असं: गोवराला टिकून राहायला काही लाखांची वस्ती लागते. लहान बेटावर तो येतो, सगळी पोरं उरकतो आणि जाळायला काही उरलं नाही की विझतो. कांजिण्या मात्र मूठभर माणसांतही टिकतात, कारण त्यांचा निखारा म्हाताऱ्या माणसांच्या मज्जातंतूंत राखेखाली जपलेला असतो. मुलांची नवी पिढी येईपर्यंत विषाणू आजोबांच्या पाठीत थांबतो.

ते वाचलं आणि मला पडवी दिसली. पावसानं बेट झालेली नऊ घरं. घोंगडीवर पालथा पडलेला म्हातारा आणि हिरवा लेप लावणारा एक पिसासारखा हात. तर्कच आहे माझा, पासष्ट वर्षांनी कोण काय सिद्ध करणार? पण माझा विश्वास आहे की आईच्या पाठीत जागा झालेला विषाणू तिच्या आजोबांचा होता, आणि आजोबांना तो त्यांच्या लहानपणी कुणा दुसऱ्या म्हाताऱ्याकडून आलेला. घरात जुनी भांडी येतात, नथ येते, तसा हा माणसामागून माणसाकडे आला, आणि आला तो मायेनं लावलेल्या हाताला चिकटून. मी आईला हे सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. दुधी चिरल्याचा सल त्या दिवशी तिच्या मनातून गेला असं मला वाटतं.

घरात तेव्हा माझी सात महिन्यांची नात होती. नागिणीच्या फोडांतलं पाणी लागलं तर कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात. नागीण थेट होत नाही. तान्ही मुलं आणि गरोदर बाया यांना जपायचं, फोड झाकून ठेवायचे, खपल्या धरेपर्यंत दूर राहायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईनं ऐकलं आणि आपणहून मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पहिल्या खेपेला तिला कांबळ्याआड ठेवली होती, या खेपेला ती स्वतः गेली. छकुली रांगत जाऊन त्या दारावर थापट्या मारायची. आतून आई गाणं म्हणायची. बारा दिवस असे गेले.

खपल्या पडल्या, कातडी भरून आली, डाग पुसट झाले, आणि दुखणं मात्र गेलं नाही.

इथं मला माझी चूक लिहायची आहे. दसऱ्याच्या सुमारास भेटायला येणारे म्हणू लागले, "आता काय, बरी झाली की!" आई कण्हली की मीही एकदा म्हणाले, "अगं, डागसुद्धा राहिला नाही आता. थोडं मनावर घे." तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. नंतर कळलं की याला नाव आहे, उपचार आहेत, आणि वय जितकं जास्त तितकी ही वेदना चिवट. विषाणूनं तंतूच्या पेशी पोळलेल्या असतात. तिकडून कुणी काही न पाठवताही त्या तारा वर्दी देत राहतात, आणि मज्जारज्जूतली ठाणी इतकी हळवी होतात की कापसाचा स्पर्शही त्यांना डाग दिल्यासारखा वाटतो. आईला ब्लाउज सहन होत नव्हता. पंख्याचा वारा सहन होत नव्हता. शेवटी ट्रंकेतून बाबांचा जुना, धुऊन धुऊन विरलेला मलमलचा सदरा निघाला, आणि तेवढा एक तिच्या पाठीनं चालवून घेतला. बाबांना जाऊन नऊ वर्षं झालीत. दिवाळीचे फोटो काढायला ती आली नाही, कारण त्या सदऱ्यावर साडी गुंडाळून चारचौघांत बसणं तिला पटेना.

दिसत नाही ते दुखणं नाही, असं आपण किती सहज धरून चालतो! ताप मोजता येतो, फोड मोजता येतात. आईच्या त्या महिन्यांत मोजण्यासारखं काही नव्हतं, फक्त तिचा शब्द होता, आणि मी तो पुरेसा धरला नाही. मज्जातंतूंच्या वेदनेवरची प्रेगाबालिन रात्री सुरू झाली. सुरुवातीला गुंगी यायची म्हणून मी तिच्या खोलीत झोपायला लागले. झोप न आलेल्या रात्री ती वाडीच्या गोष्टी सांगायची, मी ऐकायची. दुखणं उतरत उतरत शिमग्याच्या आसपास सोसण्याजोगं झालं.

मी पन्नाशी ओलांडली आहे आणि माझ्या पाठीतही तो आहेच. माझ्या कांजिण्या १९८१ च्या. नागिणीवरची नवी लस भारतात २०२३ पासून मिळते. पन्नाशीनंतर दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस घ्यायचे, आणि चाचण्यांत तिनं नागीण होण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त कमी केलं. मी घेतली. दंड दोन दिवस ठणकला. ती महाग आहे, पुष्कळांना परवडणार नाही, आणि आईसारख्या बायकांचं ते वर्ष डोळ्यांसमोर आलं की याचा मला राग येतो. कांजिण्यांची लसदेखील सरकारी लसीकरणाच्या यादीत नाही. गोवर-रुबेला आहे, ही नाही. बालरोगतज्ज्ञ सांगतात, पैसे असणारे देतात.

छकुलीला ती पंधराव्या महिन्यात, पाडव्यानंतरच्या आठवड्यात दिली. दवाखान्यात बाकांवर आम्ही चौघी ओळीनं बसलो होतो, आई, मी, माझी मुलगी आणि तिच्या मांडीवर छकुली. वाट बघताना मी आईला लशीची गोष्ट सांगितली. जपानचे मिचिआकी ताकाहाशी १९६४ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला काम करत होते. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या आल्या त्या इतक्या जोरात, की नवरा-बायको रात्रभर त्याच्या उशाशी बसून होते. ओसाकाला परतल्यावर त्यांनी ठरवलं, यावर लस करायची. दुसऱ्या एका तीन वर्षांच्या मुलाच्या फोडांतून विषाणू घेतला, आधी माणसाच्या पेशींत कमी तापमानावर, मग गिनीपिगच्या पेशींत पिढ्यान् पिढ्या वाढवून तो सौम्य केला. १९७४ मध्ये लस जगापुढे आली. जगातल्या बहुतेक सगळ्या कांजिण्यांच्या लशींत आजही त्याच एका मुलाकडून आलेला वाण आहे, आणि त्या मुलाच्या आडनावावरूनच त्याला ओका म्हणतात. हा मवाळ विषाणूदेखील मज्जातंतूत जाऊन राहू शकतो, पण पुढे त्रास देण्याचं त्याचं प्रमाण फार कमी.

"म्हणजे हिच्या पाठीत आता माझ्या आजोबांचा नाही यायचा," आई म्हणाली.

"नाही. त्या मुलाचा."

सुई टोचली, छकुली रडली, आईनं तिला उचलून उजव्या खांद्यावर घेतलं. किती महिन्यांनी, त्या बाजूला.

"तो मुलगा आता केवढा असेल गं?"

"पन्नाशी ओलांडली असेल त्यानं."

ती छकुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "नागिणीचं वय झालं की," ती म्हणाली. "त्याला नको होऊ दे हो."